चार्जर लावला की कर्सर नाचतो, सर्व्हिस सेंटरला नेला की शहाण्यासारखा वागतो

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे का ते लगेच कळेल. लॅपटॉप गेल्या जूनमध्ये घेतलेला, वरचं झाकण आणि कीबोर्डच्या भोवतीचा भाग धातूचा, वापर रोजचा सात-आठ तास. टचपॅडवर बोट ठेवलं की कर्सर आधी थरथरतो, मग एकदम उडी मारून भलत्याच कोपऱ्यात जातो, कधी आपणहून क्लिक होतं, दोन बोटांनी पान खाली सरकवायला जावं तर झूमच होतं. आणि काम करताना मनगट कडेला टेकलं की तिथे बारीक मुंग्या आल्यासारखं, पत्र्यावरून बोट फिरवलं तर पत्रा खरखरीत लागतो, जसं काही वाळूचा हात फिरवलाय. हे सगळं असेल तर पुढे वाचा. मला यातून सुटायला सात महिने लागले, तुम्हाला एक दुपार पुरेल.

मी देवगडकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर राहते, आंबा व्यापाऱ्यांचे हिशोब घरून बघते. सीझनमध्ये म्हणजे मार्च ते मे रोज शेकडो नोंदी, पेट्या किती, डझन किती, भाव काय, भाडं किती. आता विचार करा, पेट्यांच्या रकान्यात ४८ टाईप करतेय आणि मधेच कर्सर उडी मारून भावाच्या रकान्यात गेला, तिथे २२०० होते ते पुसून ४८ झाले, आणि मला संध्याकाळी बेरीज जुळेना तेव्हा कळलं. असं एकदा नाही, आठवड्यातून तीन-चारदा. व्यापाऱ्याचा फोन, वहिनी पेटी अठ्ठेचाळीस रुपयांक कधीपासून इकूक लागलास?

पहिला पावसाळा लॅपटॉप एकदम गुणी होता. त्रास सुरू झाला दिवाळीच्या आसपास, अधूनमधून. मला वाटलं नवीन अपडेट आलं त्याने बिघडलं असेल, म्हणून टचपॅडचा ड्रायव्हर काढून परत टाकला, सेन्सिटिव्हिटी कमी केली, शेवटी डेटा हार्डडिस्कवर घेऊन अख्खी विंडोजच नव्याने टाकली. दोन दिवस बरं वाटलं. ते दोन दिवस घरात लग्नाची गडबड होती आणि मी लॅपटॉप चार्जरशिवाय माजघरात बसून थोडाथोडाच वापरला होता, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

मग करूळ घाट चढून कोल्हापूर. वॉरंटी होती म्हणून सर्व्हिस सेंटरला दिला, तिथल्या पोराने तासभर चालवून बघितला, मॅडम काही प्रॉब्लेमच नाहीये. मी स्वतः चार्जर लावून बोट फिरवलं, काही नाही, लोण्यासारखा चालतोय. घरी आणला, लावला, पहिल्या पाच मिनिटांत कर्सर नाचायला लागला. जानेवारीत परत नेला, यावेळी व्हिडिओ काढून नेला होता, तो बघून त्यांनी टचपॅड बदलून दिला, वॉरंटीत असल्यामुळे पैसे नाही घेतले पण दोन फेऱ्यांचं एसटीचं भाडं आणि चार दिवसांचं काम गेलं ते गेलंच. नवीन टचपॅड, तोच नाच. मग शेजारपाजारचे म्हणायला लागले की हे खाऱ्या वाऱ्यामुळे, समुद्राकाठी इलेक्ट्रॉनिक टिकतच नाही. ते खोटं नाही, त्यावर खाली बोलते, पण खारा वारा काय फक्त चार्जर लावल्यावरच वाहतो का?

सगळ्यात मूर्खपणा केला तो फेब्रुवारीत. चार्जरच खराब असेल म्हणून ऑनलाइन स्वस्तातला डुप्लिकेट मागवला. त्याला दोनच पिना. त्रास दुप्पट झाला, मुंग्या तर इतक्या की मी पदर मनगटाखाली घेऊन टाईप करायचे. तो आता पडवीत फळीवर पडलाय, कोणी मागू नका, देणार नाही.

खरं म्हणजे खुणा समोरच होत्या, एकेक सुटी बघत होते म्हणून जुळत नव्हत्या.

पहिली खूण, लाइट गेली की कर्सर शांत. आमच्याकडे लाइट जाणं नवीन नाही, आणि मी गमतीने म्हणायचे की हा लॅपटॉप कोकणातलाच दिसतो, लाइट गेल्यावरच नीट काम करतो. दुसरी, डाव्या हाताचा तळवा धातूवर सपाट ठेवून उजव्या हाताने टचपॅड वापरला तर कर्सर जागच्या जागी राहायचा, हात उचलला की परत थयथयाट. तिसरी खूण मोठी होती. मेच्या सुरुवातीला एके रात्री अवकाळी पाऊस झाला, चांगला तास-दीड तास, कलमांखाली आंब्यांचा सडा पडला आणि सगळे कपाळाला हात लावून बसले. पण पुढचे दोन दिवस लॅपटॉप ठणठणीत! तिसऱ्या दिवशी ऊन तापलं आणि पुन्हा सुरू. पाऊस पडल्यावर लॅपटॉप सुधारतो म्हणजे बिघाड लॅपटॉपच्या आत नाही, जमिनीत आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं. आणि चौथी खूण सासऱ्यांनी दिली, ते म्हणाले, "अगो, ह्या फ्रिजचो दांडो पण उन्हाळ्यात झटको मारता, मी तुका गेल्या वर्षीच सांगलेलंय." सांगितलं होतं खरं. आम्ही सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

तर भानगड अर्थिंगची होती, म्हणजे गळका करंट जमिनीत सोडणाऱ्या वायरीची.

आता हे का होतं ते थोडक्यात, कारण हे कळलं की तुम्ही माझ्यासारखी विंडोज पुसत बसणार नाही. चार्जरच्या डब्यात २३० व्होल्टचा एसी करंट कापून-छाटून त्याचा १९-२० व्होल्टचा डीसी होतो. ही काटछाट सेकंदाला हजारो वेळा चालते आणि त्यातून विजेची खरखर तयार होते, ती बाहेर पसरू नये म्हणून आत बारीक कपॅसिटर बसवलेले असतात, वाय कपॅसिटर म्हणतात त्यांना. त्यांच्यातून अगदी नगण्य, मिलिअँपिअरच्या अंशाएवढा करंट कायम गळत असतो. हा दोष नाही, डिझाइनच तसं आहे, आणि या गळतीला जमिनीत जायला वाट म्हणून प्लगची ती तिसरी जाड पिन. ती वाट बंद असली की करंट जाणार कुठे, लॅपटॉपचा पत्रा निम्म्या व्होल्टेजच्या आसपास तरंगत राहतो, मल्टिमीटर लावला तर शंभर-एकशेदहा व्होल्ट दाखवतो. आकडा बघून घाबरायला होतं पण त्यामागे करंट फार कमी असतो म्हणून मुंग्या येतात, धक्का बसत नाही. टेस्टर लावला तर तोही पेटतो, टेस्टरला पेटायला फार काही लागत नाही.

आणि टचपॅड काय करतो, तर बोट जवळ आल्यावर होणारा इवलासा विद्युत बदल मोजतो. पत्रा आणि पॅड दोन्ही जर खरखरीवर हिंदकळत असतील तर त्याला कळतच नाही की खरं बोट कुठलं आणि खोटं कुठलं. तळवा टेकला की आपण आणि लॅपटॉप एकाच पातळीवर येतो, म्हणून तो शांत व्हायचा. सर्व्हिस सेंटरच्या टेबलाला अर्थिंग चांगलं, म्हणून तिथे साहेब शहाण्यासारखे वागायचे.

घरी तपासायचं कसं? आधी चार्जर काढून दहा मिनिटं काम करा. त्रास पूर्ण गेला तर अर्थिंगवर संशय घ्या. मग तळव्याचा प्रयोग. मग तोच लॅपटॉप तोच चार्जर दुसऱ्या एखाद्या घरी, बँकेत, शाळेत, जिथे वायरिंग नवीन आणि नीट आहे तिथे लावून बघा. मधे काय काय लावलंय तेही बघा, कारण अर्धे लोक तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावतात, किंवा एक्स्टेन्शन बोर्ड असा घेतात की भोकं तीन पण आतली वायर दोनच. आमच्याकडे पाहुणे आले तर त्यातला एक तरी चार्जरची जाड पिन कापून टाकलेला निघतो, बसत नव्हती म्हणे. आणि हो, मुंग्या म्हणजे मुंग्याच. हात झटकला जाईल असा सणसणीत धक्का बसत असेल तर प्रयोगबियोग काही करू नका, प्लग काढा आणि वायरमनला बोलवा, तो चार्जरचा नाही तर घरातल्या दुसऱ्या कुठल्यातरी यंत्राचा करंट असू शकतो.

चार्जर काढला तरी त्रास तसाच असेल तर मात्र दुसरं बघा. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा, हिंदकळतो का, टचपॅड मधे फुगल्यासारखा, क्लिक जड झालाय का. वर्षभर चोवीस तास चार्जिंगला लावलेली बॅटरी, त्यात आपल्याकडचा उकाडा, फुगू शकते आणि ती बहुतेक टचपॅडच्या खालीच असते. असं दिसलं तर चार्जिंग बंद, वापर बंद, दाबून बसवायला अजिबात जाऊ नका, टोचायला तर नाहीच, सरळ दुकानात. आणि मे महिन्यात घामट बोटांनीही कर्सर अडखळतो, त्याला इलाज म्हणजे रुमाल.

आता आमच्या घरचं. वायरमन आमच्याच वाडीतला, त्याने बोर्डापाशी मल्टिमीटर लावला. फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) यांच्यामध्ये २२८ व्होल्ट, ठीक. फेज आणि अर्थमध्ये पण जवळजवळ तेवढंच यायला हवं, तिथे ९४, आणि आकडा नुसता हलतोय. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर जायला नको, तिथे सव्वाशेच्या पुढे. मीटरला फसवे आकडे येतात म्हणून मग त्याने फेज आणि अर्थला बल्ब लावून बघितला, तो पेटलाच नाही, म्हणजे अर्थची वाट बंद. हे सगळं तुम्ही करू नका हां, ज्याला माहित्येय त्यालाच करू द्या, आणि घरात आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लाइट तोडणारा स्विच, असेल तर हा बल्ब लावताच तो ट्रिप होतो, तो बिघाड समजू नका, त्याचं कामच ते.

मग आम्ही अर्थिंगच्या वायरचा माग काढत मागच्या परसात गेलो, तिथे अर्थिंगचा पाइप जमिनीत पुरलेला आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात माडाची झावळी मागच्या वायरिंगवर पडली होती, आणि तेव्हा आठ-दहा दिवस लाइट नव्हती म्हणून जो मिळेल त्याच्याकडून घाईत सगळं जोडून घेतलं होतं. अर्थिंगची जाड जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची, वायर तुटली होती, तिला तांब्याच्या वायरचा तुकडा नुसता पिळून जोडलेला. वायरमन खाली बसला, बोटाने नुसतं टोकलं आणि जोड हातात आला. तांब्यावर हिरवट बुरा, लोखंडाकडची बाजू आतून पोखरलेली, तपकिरी भुगा. म्हणाला, "वहिनी, पाइप आसा जागेर, वायर पण आसा, फक्त दोघांची गाठभेट नाय."

तांबं आणि जस्ताचा थर दिलेलं लोखंड एकमेकांना चिकटवून ठेवले आणि वर खारट दमट हवा असली की ती जोडी म्हणजे एक छोटी बॅटरीच होते आणि त्यात जस्त आणि लोखंड झिजत जातं. खारा वारा असा कामाला आला, लॅपटॉपच्या आत शिरून नाही तर घराच्या मागे चार वर्षं एक जोड खाऊन. आणि पावसाचं कोडं तिथेच सुटलं, तुटलेलं टोक चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला टेकून होतं. पावसाळ्यात चिरा पाणी पिऊन ओला, शेवाळ धरलेला, तेवढ्या ओलीतून लॅपटॉपची बारकी गळती आरामात जमिनीत जायची. दिवाळीनंतर चिरा सुकला की वाट बंद.

दुरुस्ती अशी. आठ नंबरची जीआय वायर बोर्डापासून पाइपापर्यंत एकसंध, मधे जोड नाही. पाइपाला क्लॅम्प, नटबोल्ट घट्ट, आणि त्यावर ग्रीस थापून वर टेप. पाइप जुनाच ठेवला. पण खड्डा बघितला तर खडखडीत कोरडा. सड्यावर माती ती किती, हातभर खणलं की जांभा, त्यामुळे आपल्याकडे अर्थिंग मुळातच कमजोर. नियमाप्रमाणे पाइप अडीच मीटर तरी खाली जायला हवा, आणि सड्यावर अडीच मीटर म्हणजे सुरुंग लावायची वेळ. आमचा पाइप उताराच्या बाजूला कलमाच्या आळ्याजवळ आहे म्हणून निभावलं. खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात तो पुन्हा भरला, पण ते मीठ आपल्याकडच्या धो धो पावसात किती दिवस राहणार, वाहून जातं आणि राहिलेलं पाइपालाच खातं. बेंटोनाइट नावाच्या मातीची पावडर मिळते, ओल धरून ठेवते, नवीन खड्डा करणाऱ्यांनी ती घालावी असं वायरमनचं म्हणणं आणि मलाही ते पटतं. आम्ही एक सोपी गोष्ट केली, न्हाणीच्या पाण्याचा पाट वळवून त्या खड्ड्याजवळून नेला. रोज चार माणसांच्या आंघोळीचं पाणी, खड्डा मे महिन्यातही ओला. सासूबाईंची अळूची पानं तेवढी आता दुसरीकडे गेली, त्यावरून दोन दिवस अबोला झाला पण असो.

काम संपल्यावर फेज-अर्थ २२६, न्यूट्रल-अर्थ दीड, बल्ब झगझगीत. खर्च सगळा मिळून दीड हजाराच्या आत. हे मेच्या दुसऱ्या आठवड्यात झालं, त्यानंतर पाऊस यायला तीन आठवडे होते, कडक ऊन, आणि त्या तीन आठवड्यांत कर्सर एकदाही हलला नाही, म्हणून मी खात्रीने सांगते की पावसाने बरा झालेला नाही.

एक गोष्ट कृपा करून करू नका आणि कोणाला करू देऊ नका. काही वायरमन सोपा उपाय सांगतात की सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनेला जोडून देतो. मुंग्या जातात, कर्सर थांबतो, मीटर सुंदर आकडे दाखवतो. पण उद्या खांबावरची न्यूट्रल तुटली, आणि वादळात ती तुटतेच, तर फ्रिज, वॉशिंग मशीन, लॅपटॉप सगळ्यांच्या अंगात सरळ २३० व्होल्ट. आमच्या शेजारच्या वाडीत दोन घरांत हे जोडलेलं निघालं. तसंच, अर्थ तुटलेलं असताना घरातली सगळी यंत्रं त्या एकाच लोंबकळत्या वायरीने एकमेकांना जोडलेली असतात, म्हणजे गीझर बिघडला तर करंट लॅपटॉपच्या पत्र्यावर येणार. मी सात महिने त्यावर मनगट टेकून बसले होते हे आठवलं की आजही कसंतरी होतं. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला, त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं.

ज्यांचं भाड्याचं घर आहे किंवा वायरिंग लगेच होणार नाही त्यांनी तोवर बॅटरीवर काम करा आणि जेवणाच्या वेळेत चार्ज करा, किंवा साधा माऊस जोडा आणि सेटिंगमध्ये टचपॅडच्या पानावर माऊस असताना टचपॅड चालू ठेवायची खूण काढून टाका, म्हणजे भुताटकीचे क्लिक बंद. मूळ चार्जरच दोन पिनांचा असेल तर अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी त्याला वाट नाही, तिथे माऊसच.

वर्ष झालं म्हणून बाकीचं पण बघून घेतलं, ते पटकन. विंडोजमध्ये बॅटरीचा रिपोर्ट काढता येतो, त्यात मुळात किती क्षमता होती आणि आता पूर्ण भरल्यावर किती भरते दोन्ही आकडे असतात, माझी बऱ्यापैकी उतरलीय, आता चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावून ठेवलीय. पंख्यात लाल मातीचा थर, तो ब्रशने काढून घेतला. यूएसबीच्या एका पोर्टात हिरवट डाग दिसायला लागलेत, हा मात्र खरा खारा वारा, आता वापरात नसताना लॅपटॉप बॅगेत आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या. पडवीत पश्चिमेकडे तोंड करून बसणं बंद केलं, जीवावर आलं पण केलं.

सासरे परवा फ्रिजचा दांडा धरून बराच वेळ उभे होते. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काय नाय, बघतंय मारता काय."